एका खुर्चीत निजाम आणि भोसले

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाने अमरावतीचा अख्खा इतिहास एका नाटुकल्यात उरकायचं ठरवलं. नाटक लिहिलं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईंनी. सिंहासन आलं गल्लीतल्या ब्युटी पार्लरमधून. लाल रेक्झिनचं, गोल फिरणारं, दांडी दाबली की खाली बसणारं. पार्लरवालीची एकच अट होती, खुर्ची तिची म्हणून इंग्रज तीच होणार.

इमादशहापासून मोगलांपर्यंत काही अडचण नव्हती. एकाने यायचं, आधीच्याला उठवायचं आणि बसायचं. वऱ्हाडाला या उठबशीची सवयच आहे. घोळ झाला तो दोअमलीत. त्या काळात इथे हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचाही अंमल होता, वसुलीला दोघांचीही माणसं दारात. म्हणून मास्तरीणबाईंनी दोन राजे एकाच खुर्चीत बसवले. निजाम माझ्या थोरल्या जाऊबाई आणि भोसले मी. बाई बेरकी, त्यांनी हे मुद्दाम केलं असणार.

कारण आमच्या घरची दोअमली साऱ्या कॉलनीला ठाऊक होती. वर्षापूर्वी शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात मी भाजलेले कणकेचे रोडगे आतून कच्चे आहेत, असं जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या. कच्चे नव्हते, आजही सांगते. मी चूल वेगळी केली. त्या वर, आम्ही खाली, बोलणं बंद. पुढच्या महिन्यात तर आम्ही बडनेऱ्याकडच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होतो. खोकी भरताना मला रोज वाटायचं, त्यांनी एकदा तरी 'जाऊ नको' म्हणावं. पण मी काही कमी अकडू नाही, आणि त्या तर निजामच.

तालमीत आम्ही दोन खुर्च्यांवर बसून संवाद मास्तरीणबाईंना ऐकवले होते. एका खुर्चीत बसलो ते थेट प्रयोगाला. बसताक्षणी खुर्चीने फुस्स केलं आणि दोन्ही राजवटी हळूहळू जमिनीकडे निघाल्या. माझे गुडघे हनुवटीला लागले. जाऊबाईंची काजळाची मिशी माझ्या फेट्याला पुसली गेली. त्यांचं पोट हलायला लागलं तसं माझंही लागलं, कारण आम्ही बसलोच तेवढ्या चिकटून होतो. समोर बायका पदरात तोंड घालून लोळत होत्या. वर्षभर कोंडलेलं हसू आवरता आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात मुलाची क्रिकेटची टोपी घालून इंग्रज आला. इतिहासाप्रमाणे त्याने आधी भोसल्यांना घालवायचं आणि निजामाला नंतर.

"भोसले, उठा," पार्लरवाली म्हणाली.

मी उठायला लागले, तर शेला मागून ओढला गेला.

"काहून वो, कुठी चालली?" जाऊबाई म्हणाल्या. हे नाटकात नव्हतं.

"इंग्रजानं उठवलं ना ताई मले."

"तो कोन उठवनारा? बस खाली. एवढ्या मोठ्या खुर्चीत मी एकटी काय करू?"

मी धपकन बसले. आडून मास्तरीणबाई सांगत होत्या, "अवो सोडा तिले, तिचं राज्य गेलं." जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. पार्लरवाली खुर्चीच्या काळजीने आता खरोखरच रागावली, तिने खुर्चीची पाठ धरून हिसका दिला आणि आम्ही गरगर फिरायला लागलो. दिवे, बायका, वाणाच्या वाट्या, सगळं फिरत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खिदळत होतो. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. शेवटी पडदा पाडावा लागला. त्या दिवशी अमरावतीत इंग्रज काही येऊ शकला नाही.

घरी जाताना जिन्याशी जाऊबाई थांबल्या. मिशी अजून अर्धी शिल्लक होती.

"रोडगे कच्चेच होते पन," त्या म्हणाल्या आणि वर न जाता माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

बडनेऱ्याच्या फ्लॅटमध्ये आता भाडेकरू राहतात.