सरांना नापास व्हायचं होतं

आमच्या घरमालकांइतका स्वतःच्या तब्येतीचा गर्व असलेला माणूस या शहरात दुसरा नसेल. मी काही सगळं शहर पाहिलेलं नाही, तरी एवढं विधान मी करते. पुंडलिकनगरात त्यांच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी मुली भाड्याने राहायचो. ते निवृत्त पी.टी. शिक्षक, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. सकाळी गच्चीवर त्यांच्या बैठका सुरू झाल्या की आमच्या खोलीतली भांडी वाजायची. सर्दीला ते 'आळस' म्हणत आणि तापाला 'लाड'. मी एकदा तापाने फणफणले होते, तेव्हा जिन्यातूनच ओरडले, "काय गं पोरी, लाड चाललेत व्हय?" थोड्या वेळाने त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, केलेली मुगाची खिचडी घेऊन स्वतःच वर आले. हातात गरम पातेलं असूनही दोन-दोन पायऱ्या ओलांडत आले, कारण दार उघडं होतं आणि मी बघत होते.

दुसरी सवय म्हणजे पारखून घेण्याची. वापरून बघितल्याशिवाय ते काहीही विकत घेत नसत. गुलमंडीच्या बाजारात नवीन चप्पल पायात घालून ते थेट चौकापर्यंत धावत गेले होते. दुकानदार मागे. सर वळून म्हणाले, "चोरी नाय करत मालक, धावून बघायलोय! दुकानात उभं राहून चप्पल कशी कळंल?" काकू दुकानाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून हसत बसल्या होत्या. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, त्यांना सगळं आठवत होतं तेव्हा.

मग काकू विसरायला लागल्या. आधी मीठ, मग गॅस, मग घर. त्यांची मुलगी परदेशात. तिने बिडकीनच्या रस्त्याला असलेलं ज्येष्ठांचं एक संकुल शोधून काढलं. आमच्या गावात असलं काही नसतं, म्हणून सर पाहणीला निघाले तेव्हा मीही उत्सुकतेने सोबत गेले. तिथं तीन इमारती होत्या. पहिली स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांची, दुसरी थोडी मदत लागणाऱ्यांची आणि तिसरी पूर्ण वेळ सांभाळ लागणाऱ्यांची. दाखवणारे साहेब म्हणाले, "एकदा इथं आलात की शेवटपर्यंत दुसरीकडे जायला नको." सरांना ही व्यवस्था फार आवडली. त्यांनी नळ सोडून पाहिले, वरण चाखलं, "जरा पातळ हाय" असा शेरा दिला, तिसऱ्या इमारतीतल्या एका रिकाम्या कॉटवर डोळे मिटून झोपून पाहिलं. साहेबांना वाटलं, यांना काही झालं की काय. एवढं सगळं पारखलं, पण एक गोष्ट विचारायची राहून गेली. नवरा-बायकोला वेगवेगळ्या इमारतीत ठेवतात का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. आमच्या दोघांच्या डोक्यातच ते आलं नाही.

पहिल्या इमारतीत दोघं काही महिने एकत्र राहिले. नंतर काकूंना घास गिळायचंही सांगावं लागू लागलं आणि त्यांना तिसऱ्या इमारतीत हलवलं. सर सामान बांधून मागोमाग निघाले, तर सिस्टरनी दारात थांबवलं. तिथल्या कॉट आजाऱ्यांसाठी, धडधाकट माणसाने संध्याकाळी भेटायला यायचं. सिस्टर वाईट नव्हत्या. कॉट मोजक्या आणि वाट बघणारे पुष्कळ, हे त्यांनी समजावून सांगितलं. सर म्हणाले, "अहो, पण तिला माझ्या हातचीच सवय हाय."

रविवारी मी भेटायला गेले तेव्हा सरांनी मला बाकावर बसवलं आणि हळूच म्हणाले, "त्यांची तपासणी असती. चालता येतंय का, बटणं लावता येतेत का. तू मला नापास व्हायला शिकव." आमच्या घरात नापास या शब्दाला सगळे घाबरतात. शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे त्याचा अनुभव कुणालाच नाही. तरी मी माझ्या आजोबांचं चालणं आठवून त्यांना पाय ओढायला शिकवलं. पण ते पाय ओढायचे तेही तालात. "सर, लेफ्ट-राइट होतंय," मी म्हणायचे. "व्हय का? लई अवघड हाय गं म्हातारं होणं."

तपासणीच्या दिवशी मी दाराशी उभी होते आणि ते खुर्चीत छान वाकून बसले होते. एक डोळासुद्धा अर्धा मिटला होता. सिस्टर म्हणाल्या, "सर, उभे राहा." आणि सर ताडकन उभे राहिले. छाती पुढे, टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. सगळा जन्म दुसऱ्यांना सावधानमध्ये उभं करण्यात गेलेला, त्यांच्या शरीराला दुसरं येतच नव्हतं. "अहो सर, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट आहात!" सिस्टर म्हणाल्या. सरांचा चेहरा फुलला. दारापर्यंत ऐटीत चालत आले, मला पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, पास झालो की मी," असं म्हणून ते तिथंच भिंतीला टेकले.

हिवाळ्यात त्यांना झटका आला. सकाळी ते पलंगावरून उठेनात तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सर, पुरे आता नाटक." वाकड्या झालेल्या तोंडाने सर म्हणाले, "आता नाटक नाय, सिस्टर." त्यांचा उजवा हात उचलून सोडला तर तो तसाच खाली पडला. दवाखान्यातून परत आणलं ते तिसऱ्या इमारतीत. सिस्टरनी खटपट करून काकूंच्याच खोलीत कॉट लावून दिली.

मी गेले तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, रुसलेत. काकू शेजारच्या कॉटवर डोक्यावरून पदर ओढून, अंग चोरून बसल्या होत्या, जशा आमच्या गावाकडच्या बायका परक्या पुरुषासमोर बसतात. "पोरी," त्या कुजबुजल्या, "हे कोण आणून ठेवलंय गं इथं? आमच्या मास्तरांना कळलं तर?"

मी सरांजवळ जाऊन वाकले. ते तोंड न वळवता, जड जिभेने एकेक शब्द जुळवत बोलले. "लाजती ती मला. बघितलं की पदर घेती. दिवसभर तसं बसून मान दुखंल तिची. म्हणून मी इकडं तोंड करतो."

मी त्यांना विचारलं, "पण मग तुम्हाला त्या दिसत नाहीत ना, सर?"

त्यांनी डावा हात जरासा वर करून मला गप्प केलं. मागे बांगड्या किणकिणल्या. काकूंनी पदर खाली घेतला होता. सर भिंतीकडे बघत हसले, अर्ध्याच तोंडाने, आणि मला म्हणाले, "बघ. बसली मोकळी."