उंबरकोंडच्या भेगेचा तक्ता
कमलाकर भागवत महाडच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी तिथेच मराठी शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं.

१९९६ साली रायबा नावाचा माणूस त्यांना शोधत शाळेत आला. पोलादपूरच्या वर डोंगरात उंबरकोंड ही त्याची बावीस घरांची वाडी. नाचणी, वरी आणि गुरं एवढ्यावर चालणारी. त्याची शेरडं चरायची त्या उतारावर जमीन फाटली होती.

"मास्तर, दोन बोटं आत जातात. ह्ये बरं हाय का नाय, तेवढं सांगा."

सर गेले, भेग मोजली, फोटो काढला. बरं नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. पुढे तेरा वर्षं ते वर जात राहिले. एसटीने पोलादपूर, मग दीड तासाची चढण. रायबा मोजपट्टी धरायचा, सर फोटो काढायचे, त्याची बायको चंद्राबाई कोरा चहा द्यायची. दोन बोटांची भेग वीतभर झाली, मग रायबाचा हात कोपरापर्यंत आत जाऊ लागला.

वाडी खाली वसवावी म्हणून २००४ साली सरांनी फोटो जोडून सरकारी कार्यालयात अर्ज केला. ते फोटो कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्याच जुलैत सावित्रीचं पाणी त्यांच्या घरात छातीपर्यंत चढलं आणि अल्बमांचा चिखल झाला. निगेटिव्ह आणि मोजमापांच्या वह्या माळ्यावर होत्या, तेवढ्या वाचल्या.

"आता हे नदीकाठी ठेवायचं नाही," ते म्हणाले.

त्यांची जुनी विद्यार्थिनी ईरा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने सांगितलं, इंटरनेटवर दूर कुठेतरी साठवणीची जागा मिळते. तिथे फोटो पाठवला की त्याला एक पत्ता मिळतो. तो पत्ता तक्त्यातल्या ओळीत बसवला, की ओळीवर क्लिक करून फोटो बघता येतो. वह्यांवरून सरांनी कॉम्प्युटरवर केलेला तक्ता तयारच होता: तारीख, जागा, रुंदी, आधीच्या आठवड्याचा पाऊस.

२००८ ची दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. निगेटिव्ह स्कॅन करून तीनशे अठरा फोटो एकेक करत त्या साठवणीत गेले. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तक्ता आणि ती साठवण जोडणारा छोटा प्रोग्रॅम ईराने लिहून पाठवला. फेब्रुवारीत सरांनी मला घरी बोलावलं. ओळीवर क्लिक केलं आणि पडदाभर भेग उघडली.

"आता हे बुडत नाही, विनोदिनीबाई," ते म्हणाले. त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

ज्या कार्यालयात अर्ज जायचा, तिथल्या नव्या अधिकाऱ्याने स्वतःच सांगितलं होतं, की फोटोंची बाडं नकोत, ई-मेल करा, म्हणजे तज्ज्ञांनाही पाठवता येईल. मार्चमध्ये सरांनी तक्ता पाठवला आणि वाट पाहत बसले.

उत्तर मे महिन्यात शाळेच्या पत्त्यावर आलं. शाळा बंद. जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा शिपायाने ते पाकीट हातात ठेवलं. 'आपल्या तक्त्यातील एकही छायाचित्र उघडत नाही. पुराव्याअभावी स्थळपाहणी स्थगित ठेवण्यात येत आहे.'

सर तसेच उठून बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत गेले. मीही गेले. पहिली ओळ, दुसरी, दहावी. प्रत्येक वेळी पांढऱ्या पडद्यावर तेच इंग्रजी वाक्य: परवानगी नाही. साठवणीला कुलूप होतं. सरांच्या कॉम्प्युटरमध्ये किल्ली भरून ठेवलेली, म्हणून तिथे फोटो उघडायचे. आम्ही ते तिथेच पाहिले होते.

त्यांनी तिथूनच ईराला फोन लावला. तिने तिकडे साठवणीची सेटिंग तपासली. मग म्हणाली, "सर, बाहेरच्यांसाठी उघडं करायचं राहिलं. माझी चूक."

"दुसरीकडे उघडून बघायला हवं होतं. मी नाही बघितलं."

तिला दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कार्यालयात जाऊन आले. अधिकाऱ्याने सगळे फोटो पाहिले, अस्वस्थही झाला. पण पावसात तज्ज्ञ वर चढणार नाहीत, दिवाळीनंतर पाहू, म्हणाला. मग सर भर पावसात उंबरकोंडला गेले आणि रायबाला म्हणाले, आजच खाली चला.

"गुरं घेऊन कुठं जाऊ, मास्तर? कागद झाला की येतो. धाडलाय ना तुमी?"

"धाडलाय," सर म्हणाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दूध काढायच्या वेळेला दरड आली. अकरा माणसं गेली. रायबा गोठ्यात होता. चंद्राबाई लेकीच्या बाळंतपणाला महाडला आली होती, म्हणून वाचली.

त्यानंतर तक्ता सगळीकडे उघडला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. कुणी मोठ्या तज्ज्ञाने मुंबईहून फोन करून काम मोलाचं असल्याचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि रिसीव्हर ठेवला.

उरलेल्यांना पोलादपूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा चंद्राबाई दारात बसली होती.

"मास्तर, त्यो कागद येळेवर उघडला असता तर आमाला खाली आणलं असतं?"

"माहीत नाही, चंद्राबाई."

"तुमाला सगळं म्हाईत असतं. सांगा."

सर खाली बघत म्हणाले, "आणलं असतं बहुतेक."

ती उठली, आत गेली आणि गोणपाटाचा पडदा ओढून घेतला.

त्यानंतर सर फक्त वर्गात बोलायचे. ईरा फोन करायची, ते घ्यायचे नाहीत. ती एकदा पुण्याहून येऊन माझ्याजवळ रडून गेली. सरांनी तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं म्हणाली.

पुढच्या मार्च महिन्यात महिपत नावाचा माणूस शाळेत आला. त्याच्या वाडीमागे जमीन फाटत होती. मोजायला चला, म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखवा," सर म्हणाले.

"कुणाला, सर?"

सर उठून वर्गावर गेले. तास नव्हता त्यांचा. महिपत तसाच उभा राहिला, म्हणून मी त्याच्या वाडीचं नाव लिहून घेतलं. त्याला वाटलं, काम झालं. तो हात जोडून गेला. पुढे काय करायचं असतं, मला काहीच ठाऊक नव्हतं.