लायसन नसलेला हात

त्या रविवारी दुपारी मी बुलढाण्याला घरीच होते. खिडकीत दादाशी बोलायचा, हातात मावणारा रेडिओ सेट चालू होता, रोजच्याच चॅनलवर, आवाजही मोठा. तो गप्प होता. बातमी आली ती फोनवर. रोहिणखेडकडे दादाच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे, ते बोलत होते. ''ताई, भाऊ गेले. तुमच्या वहिनी पायी सडकेवर आल्या, तवा आमाले समजलं.'' दादाचं घर शेतातच, टेकडीच्या पोटाशी. तिथे मोबाइलला रेंज नाही. पण समोर घाटाचा कडा मोकळा असल्यानं रेडिओ मात्र माझ्या खिडकीपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. रोज सकाळी सातला मी आणि दादा त्यावरच बोलायचो.

दादा कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमधून रिटायर झाला, पण त्याचं खरं आयुष्य हॅम रेडिओत गेलं. हा हौशी लोकांचा रेडिओ. सरकारी परीक्षा देऊन लायसन मिळाल्याशिवाय त्यावर बोलता येत नाही. कोणता सेट घ्यावा हे विचारायला आजूबाजूच्या तालुक्यांतून नवे लोक त्याच्याकडे यायचे, मोबाइलवर रंगीत पडद्यांच्या सेटचे फोटो घेऊन. दादा फोटो बघायचाच नाही. भाजीच्या पिशवीत दोन-तीन सेट टाकायचा आणि म्हणायचा, ''घाल हात. न पाहता चालू कर, आवाज वाढव, बोलायचं बटन शोध.'' ज्या सेटवर हे जमेल तो घ्यायचा. ''घाबरलेल्या माणसाले मेनू वाचता येत नाही बे. बोटाले सापडलं पाहिजे.''

माझ्या पन्नाशीत त्यानं मला परीक्षेला बसवलं, पास झाल्यावर माझाही सेट असाच निवडला. मी पिशवीत चाचपडत होते. मालतीवहिनी चहा घेऊन आली, म्हणाली, ''सरका ताई,'' आणि हात घातल्याबरोबर खट्‌कन सेट चालू केला. दादा ओरडलाच, ''दाबू नको हं. लायसन नाही तुले.''

''नाही दाबत. तुमचं सरकार येईन घरी.''

आम्ही हसलो. मीही हसले. जीवावर बेतलं असेल तर मदत मागायला लायसनची अट आड येत नाही, हे मी परीक्षेच्या पुस्तकात नुकतंच वाचलं होतं. दादा तर ते प्रत्येक नवशिक्याला शिकवायचा. वहिनीला त्यानं एकच वाक्य शिकवलं... हात लावायचा नाही. तिलाही परीक्षेला बसव, असं मी एकदा म्हटलं होतं. ''तिले काय करायचं?'' एवढंच तो म्हणाला. मीही पुढे बोलले नाही.

त्या रविवारी जेवता जेवता दादाच्या छातीत कळ आली आणि वाचा बसली. सेट फळीवर होता, चालू होता. वहिनीनं तो हातात घेतला. बटणावर अंगठाही ठेवला. मग सेट परत फळीवर ठेवून ती सडकेकडे धावली. तीन किलोमीटर. माणसं घेऊन परतली तेव्हा तो गेलेला होता. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित... असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला त्याचे रेडिओवाले मित्र आले. एकानं सांगितलं, इतक्या वर्षांत बिनालायसनचा हात दादाच्या सेटला कधी लागला नाही, अशी शिस्त आता राहिली नाही. वहिनी समोरच बसली होती. तिनं मान हलवली. मी उठून चहाचं बघायला गेले.

मागच्या आठवड्यात सेट आणायला शेतात गेले. लायसनदार नसलेल्या घरात ते ठेवता येत नाहीत. वहिनीनं ते पुसून, वायरी गुंडाळून ठेवले होते. म्हणाली, ''ताई, खरं सांगा. म्या दाबलं असतं तर चाललं असतं काय?''

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. ''चाललं असतं. मी घरीच होते.''

''त्यायले मालूम होतं?''

''हो.''

''अन् तुमाले?''

''हो.''

मी पर्समधून परीक्षेचं पुस्तक काढलं. म्हटलं, ''पुढच्या परीक्षेला बसा. मग सेट इथंच ठेवता येतील.'' तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

''मले आता कोणाशी बोलायचं हाये? मले त्या दिवशी बोलायचं होतं.''

मग तिनंच सेट उचलून माझ्या हातात दिले. ''घेऊन जा. तुमचं लायसन हाये.''

मी घेऊन आले. त्याचे सेट आता खिडकीत माझ्या सेटशेजारी आहेत, चार्ज केलेले. वहिनी शेतात एकटी राहते. तिथे फोन लागत नाही.