नैवेद्याच्या पातेल्यात बिअर

कायझर्सलाउटर्नमधली मराठी कुटुंबं गणपतीच्या जेवणासाठी जे मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं वापरायची, ते वर्षभर माझ्याकडे असायचं. काकूंच्या घराला केलर, म्हणजे तळघर, नव्हतं; आम्हा विद्यार्थ्यांच्या घराखाली मात्र भरपूर जागा होती. काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या, पण मी जर्मनीत आल्यापासून दर रविवारी त्यांच्याकडे जेवत होतो. पातेलं देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नैवेद्याचं आहे, जप."

आणि त्या शुक्रवारी दुपारी त्यात बिअर उकळत होती.

शेजारच्या खोलीतला जर्मन मित्र घरी बिअर करायचा. या वेळी त्याला कडक आणि भरपूर हॉप्स, म्हणजे ती कडवट सुकी फुलं, घातलेली कडू बिअर करायची होती. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, जास्त लागणार होतं आणि त्याचं भांडं पुरत नव्हतं. एवढ्या मोठ्या घाण्याचं तापमान कसं राखायचं ते त्यानं मला विचारलं. माझ्या घरच्यांत कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात माझं तोंड सहसा उघडत नसे. कुणीतरी मला काही विचारतंय याचंच इतकं अप्रूप वाटलं, की पातेलं मीच सुचवलं. गणपतीच्या जेवणाला आठवडा होता. तोवर घासून ठेवू, असं मी धरून चाललो.

उकळी येऊन वीस मिनिटं झाली होती, तेव्हा काकूंचा फोन आला.

"अरे, हॉल उद्याचाच मिळाला. चारला येते पातेलं न्यायला."

पावणेतीन वाजले होते. मित्र घड्याळ बघून म्हणाला, "तर मग, अजून चाळीस मिनिटं." मध्येच बंद केलं तर सगळं फुकट जाणार होतं. मी शेगडी चालूच राहू दिली. त्यानं शेवटचे हॉप्स टाकले आणि स्वयंपाकघरभर संत्र्याच्या सालीचा न् कडुनिंबाचा मिळून यावा तसा वास सुटला. सगळं बादलीत ओतून घेतलं तेव्हा आत तपकिरी कडं उमटलेलं दिसलं. मी साबणानं घासलं, व्हिनेगरनं घासलं, पुन्हा साबणानं. कडं गेलं. वास पातेल्याला येतोय की माझ्या हातांना, ते काही केल्या कळेना.

काकू पाच मिनिटं आधीच आल्या. दारातच थांबल्या.

"कसला रे वास? काढा उकळलास का? सर्दी झालीय?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पातेल्याचा एक कान धरला, मी दुसरा. पातेलं उचललं गेलं.

"काकू, यात बिअर केली."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "यात?"

"हो."

"पितोस तू?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे? मुहूर्त बघतोयस?"

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. त्यांनी माझ्या फ्रिजमधलं दूध पातेल्यात ओतलं, गरम केलं, वाटीत काढून माझ्यापुढे धरलं. "चव सांग. उद्या चाळीस माणसं जेवणार आहेत. खरं सांग."

मी प्यायलो. जिभेच्या मुळाशी काहीतरी लागलं. कदाचित भीतीच असेल.

"कडवट आहे."

काकूंनी स्वतः घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला. "मला नाही लागत," त्या म्हणाल्या. मग उरलेलं दूध सिंकमध्ये ओतलं. "पण तू म्हणतोस ना." पातेलं तिथंच ठेवून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या घरी तीन कुकरांत मसालेभाताचे घाणे चालू होते. मी मदतीला होतो. पातेलं कुठंय, असं काकांनी विचारलं.

"गळतंय," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"मग पुण्याहून नवीन आणू," असं म्हणून काका पेपर घेऊन बसले.

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेव्हा बोललो असतो, तर काकू खोट्या पडल्या असत्या. मी तांदूळ धूत राहिलो. त्या दिवशी सगळ्यांनी भात वाखाणला; मी ते तिन्ही कुकर घासत बसलो.