सावधान

मंगळवेढ्याचे सिद्धराम मास्तर म्हणजे भलते तापट. बाप मेंढरं राखायचा, पोरगा पीटीचा मास्तर झाला आणि पोरं राखायला लागला. सोलापूरजवळच्या स्काउट-गाइडच्या उन्हाळी शिबिराचा दुसराच दिवस होता आणि एकही पोर धड सावधान उभं राहत नव्हतं. कुणी टोपी चाचपायचं, कुणी पायाखालच्या मुंग्या बघायचं. पिंकी तर सारखी नाक खाजवायची.

"नाक पळून चाललंय का गं तुझं?" मास्तर डाफरले.

तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या चिंचेवरून घोंघाट उठला. सावली बघून स्वयंपाकाची चूल मास्तरांनीच तिथं मांडायला लावली होती. वर आग्या मोहोळ लागलंय, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. धुरानं मोहोळ उठलं आणि माश्यांचा काळा लोट रांगेकडे आला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. माशी पळणाऱ्याच्या मागं लागते, असं बाप सांगायचा.

"सावधान," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणी हलायचं न्हाय."

माश्या टोप्यांवर बसल्या, कानांवरून चालल्या. मास्तरांच्या मानेवर एक डंख बसला, मग ओठावर दुसरा. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही, कारण सगळी पोरं त्यांच्याकडेच बघत होती.

बऱ्याच वेळानं लोट शेतांकडे सरकला. मास्तरांना 'विश्राम' म्हणायचं होतं, पण सुजलेल्या ओठांतून शब्द फुटेना. रांग तशीच ताठ उभी राहिली.

शेवटी पिंकीनं न हलता विचारलं, "सर, आता नाक खाजवू का?"