शिमग्यापर्यंत टिकायला हवा

दर गुरुवार उजाडला की लडकू हिलमचं पोट बिघडायचं. बायकोला वाटलं, बाजारातली सुकट बाधते. तिनं सुकट आणायची बंद केली, तरी पोट बिघडायचं ते बिघडायचंच. बिघडणार नाही तर काय? गुरुवारी दुपारी मुंबईहून फोन यायचा आणि शुक्रवारी टॉकीजला जुना पिक्चर राहणार की नवा लागणार, ते त्या फोनवर ठरायचं.

लडकू हा खोपोलीच्या चंद्रकला टॉकीजचा डोअरकीपर. सत्तावीस वर्षं एकाच दारात उभा राहून त्यानं तिकिटं फाडली. इतक्या वर्षांत किती पिक्चर आले अन् किती गेले, त्याला कशाचं सोयरसुतक नव्हतं. एक एस्टी गेली की मागून दुसरी, तसं. पण जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी 'डोंगरधार' लागला आणि या शहाण्याची झोप उडाली.

पिक्चर मोठा होता हो. लढाया, घोडे, जळणारे किल्ले, सगळं होतं. टॉकीजसमोर चहाची टपरी लावणारा गजा रोज सकाळी मोबाईल उघडायचा आणि देशभरातल्या कमाईचा आकडा असा ओरडून सांगायचा, जणू ती कमाई त्याच्याच गल्ल्यात पडली होती. गेल्या वर्षीच्या पिक्चरचा रेकॉर्ड मोडतो की नाही, यावर टपरीवर हमरीतुमरी चालायची. लडकू कपातला चहा गार करत बसायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "गजा, शिमग्यापर्यंत टिकंल का रं?"

"तुला काय त्याचं? तू काय प्रोड्यूसर हायस?" गजा म्हणायचा आणि सगळे हसायचे.

लडकूला ते हसणं बोचायचं. कारण 'डोंगरधार'मध्ये त्याची आई होती.

दोन वर्षांपूर्वी कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी या पिक्चरचं शूटिंग झालं. जंगलातली माणसं हवी होती, म्हणून टेंपो लडकूच्या वाडीवर आले आणि शंभरेक जणांना भरून घेऊन गेले. त्यात कोंडी, लडकूची म्हातारी. लग्नाच्या गाण्यात वाडीच्या माणसांनी राणीपुढं फुलांच्या टोपल्या ठेवायच्या, एवढंच काम. टोपलीत मोहाची फुलं म्हणून प्लॅस्टिकचं काहीतरी भरलेलं. म्हातारीचं डोकंच फिरलं. "ही कसली फुलं गं बाय? शेळी तोंड लावायची नाय!" असं ती राणीला म्हणाली सुद्धा. कॅमेऱ्याकडं बघू नका म्हणून दहा वेळा बजावलं होतं, तरी टोपली ठेवून तिनं मान वर केली आणि सरळ समोर बघितलं. एक भुवई वर, ओठ दाबलेले. रागवायचं की हसायचं ते अजून ठरलेलं नाही, असं ते बघणं. पोरांनी काही उद्योग करून ठेवला की ती असंच बघायची. ते बघणं कुणाला तरी आवडलं असणार, कारण पिक्चरमध्ये ते तसंच ठेवलं. अकरा सेकंद. लडकूनं मोजली होती.

तेवढी अकरा सेकंदंच उरली होती. गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांत म्हातारी तापानं गेली. घरात तिचा एकच फोटो, आधारकार्डावरचा, आणि त्यात ती अशी दिसते की कुणी तिला पकडून आणलीय. लडकूची धाकटी बहीण मैना तेव्हा नवऱ्यासोबत लाकडं जाळून कोळसा पाडायला गेलेली, पार कर्नाटकाच्या जंगलात. तिथं फोनला रेंज नाही. निरोप तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर इकडं माती देऊन झालं होतं. मैनेनं आईचं तोंड पाहिलं नाही.

पिक्चर लागल्यावर लडकूनं मैनेच्या मुकादमाच्या फोनवर निरोप धाडला आणि आठ दिवसांनी मैनेचा फोन आला. बोलणं कसलं, नुसतं ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. मधेच लडकू ओरडला, "शिमग्याला ये. आय दाखवतो तुला!" मग मैना म्हणाली, "येते दादा." आणि रेंज गेली.

शिमग्याला वाडीचा माणूस कुठंही असला तरी घरी येतोच. दिवाळीला नाही येणार, लग्नाला चुकेल, पण होळीला येणार म्हणजे येणार, मुकादमही अडवत नाही. अडचण एकच. होळी पडत होती गुरुवारी, पिक्चर लागल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी. सहावा आठवडा संपता संपता. आणि चंद्रकला टॉकीजचा रेकॉर्ड होता पाच आठवड्यांचा, तोही तीस वर्षांपूर्वीचा, लोक बैलगाड्या जुंपून पिक्चरला यायचे तेव्हाचा. हल्ली पिक्चर दुसऱ्या आठवड्यात धापा टाकतो. म्हणजे मैनेला आई दिसायची तर रेकॉर्ड मोडायलाच हवा. देशाचा मोडो न मोडो, चंद्रकलाचा मोडायला हवा.

पहिले दोन आठवडे हाउसफुल्ल गेले. लग्नाचं गाणं संपत आलं की लडकू दार ढकलून आत जायचा, पडद्याजवळ अंधारात उभा राहायचा, आईला बघायचा आणि बाहेर यायचा. तिसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. बाराच्या खेळाला चाळीस डोकी. सुट्टीच्या दिवशी तो मोहोपाड्याला गेला, कारखान्याच्या गेटवर उभा राहिला आणि सुटलेल्या पाळीच्या माणसांना सांगत सुटला, "शेवटचे दोन दिवस! मग काढणार हायत!" धडधडीत खोटं. आयुष्यात तिकिटाशिवाय एका माणसाला आत न सोडलेला हा माणूस रस्त्यात उभा राहून थापा मारत होता. पण माणसं आली.

गजा एकदा म्हणाला, "येड्या, मोबाईलवर काढून ठेव ना तेवढाच सीन. कुणाचाही फोन घे."

लडकूला हे सुचलं नव्हतं असं थोडंच? पण आत मोबाईल उगारणाऱ्याचा हात धरायचा, हेच त्याचं काम. आणि मॅनेजर मिलिंद जाधवांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरला होता, की एक तुकडा जरी बाहेर गेला तरी कंपनी पिक्चर काढून घेईल. "आन् खरंच काढला म्हंजे?" लडकू म्हणाला. "माझ्या हातानं माती नको." दोनच दिवसांनी त्यानं एका माणसाचा उचललेला फोन खाली करायला लावला. तेव्हा पडद्यावर लग्नाचंच गाणं चालू होतं.

चौथ्या आठवड्यात वितरकाचा माणूस आला. हे लोक मॅनेजरशी चहा पितात, पण खरी खबर डोअरकीपरकडून काढतात, ही या धंद्यातली जुनी रीत. पब्लिक कधी टाळ्या मारतं, कधी उठून बाहेर येतं, हे दारातल्या माणसाशिवाय कुणाला कळणार? त्यानं लडकूला बाजूला घेऊन विचारलं, "पब्लिक काय बोलतंय?"

लडकूचं डोकं भराभर चाललं. पिक्चर टिकायला पाहिजे. खरं सांगितलं तर टिकेल. "पिक्चर झकास हाय सायेब," तो म्हणाला, "पण लांबलाय. दुसऱ्या पाळीवाल्यांना कारखान्याचं गेट गाठता येत नाय."

"कुठं उठतात लोक?"

"लग्नाच्या गाण्याला. सगळी बाहेर येतात, मुतून, विडी ओढून मग आत जातात."

त्या माणसानं ते लिहून घेतलं. लडकूला आपल्या हुशारीचं बरं वाटलं. गाणं थोडं कमी करतील, करू देत की. आय कुठं त्यात गाते? आय तर गाणं संपताना येते.

पाचव्या आठवड्याचा गुरुवार. हाच तो रेकॉर्डचा दिवस. लडकूनं सकाळपासून अन्नाला शिवून पाहिलं नाही. दुपारी केबिनमध्ये फोन वाजला आणि बराच वेळ मिलिंद मॅनेजर नुसतेच हूं हूं करत राहिले. मग जिना उतरून खाली आले.

"लडकू, ठेवला रे पिक्चर! सहावा आठवडा!"

लडकू दार सोडून जिन्याकडं धावला.

"वीस मिनिटं आखूड करून उद्यापासून याचीच नवी कॉपी पाठवतायत सगळीकडे," मॅनेजर सांगत होते. "आता चाराच्या जागी पाच खेळ. होळीची सुट्टी आहे, बघ कशी गर्दी लोटते."

लडकूनं त्यांचे पाय धरले. ते लाजून मागे सरकले. बसस्टँडजवळच्या दुकानातून त्यानं पेढे आणले आणि गजापासून पार्किंगवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटले. शुक्रवारी टॉकीजवर बॅनर चढला, रेकॉर्ड मोडल्याचा. फटाक्यांची माळ लडकूच्याच हातानं लागली. गर्दी अशी, की त्याला दार सोडून तिकिटखिडकीची रांग सांभाळायला उभं केलं. आत जायला क्षणाची फुरसत नव्हती आणि त्यालाही जायचं नव्हतं. आता आय बघायची ती मैनेच्या शेजारी बसूनच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

मैना बुधवारी आली. वाळून काटकी झालेली, नखांत कोळसा, तो धुऊन निघत नव्हता. घरात शिरल्यावर आईच्या रिकाम्या कोपऱ्याकडं तिनं बघितलं आणि नजर वळवली. रडली नाही. "उद्या किती वाजता?" एवढंच विचारलं.

गुरुवारी बाराच्या खेळाला मॅनेजरांनी दोघांना बाल्कनीत बसवलं. मैनेनं नवं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. माहेरी आईला भेटायला यावं तशीच आली होती ती. पहिल्या भागात घोडे उधळले की ती दचकायची आणि लडकूचा दंड धरायची. इंटरव्हलला त्यानं वडे आणले. तिनं खाल्ले नाहीत. "आता कितीक येळ?"

"झालंच. लगीन लागलं की आलीच."

मांडव दिसला. राजानं हात वर केला. ढोलावर पहिली थाप पडली. लडकूनं मैनेच्या हातावर हात ठेवला. "आता बघ."

आणि पडद्यावर घोडे आले. उजाड माळ, धूळ, लढाई.

लडकूला वाटलं, मागंपुढं केलं असंल. आता येईल. किल्ला पडला. राणी रडली. मैना कुजबुजली, "दादा, अजून नाय का?" त्यानं बाल्कनीच्या कठड्यावर वाकून पडदा धुंडाळला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, राजा मेला, दिवे लागले. मैना पांढऱ्या पडद्याकडं बघत तशीच बसून राहिली.

जिन्याखाली मॅनेजर भेटले. "काय मैनाबाई, दिसली का आई?" आणि लडकूचं तोंड बघून त्यांचंच तोंड उतरलं. "अरे देवा. गाणं... गाणं सगळंच काढलंय रे. ते गेलं म्हणून तर पाच खेळ बसले. माझ्या ध्यानातच आलं नाही." मोबाईलवर पिक्चर येईल तेव्हा तिथं कदाचित पूर्ण असेल, असंही ते म्हणाले. कधी येईल, गाणं असेल की नसेल, ते त्यांना माहीत नव्हतं. मैना तर पाडव्याआधी परत जंगलात जाणार होती.

टॉकीजच्या पायरीवर लडकू बसला. वर बॅनर फडफडत होता, समोर तीनच्या खेळाची रांग गेटबाहेर गेली होती. "मीच सांगितलं त्या माणसाला," तो म्हणाला. "गाण्याला लोकं उठतात म्हणून. मीच सांगितलं मैने. पिक्चर टिकावा म्हणून बोललो गं, आन् माझ्याच तोंडानं आय घालवली." आणि पन्नाशीचा तो माणूस चारचौघांत हुंदके द्यायला लागला.

मैना चिडली असती, बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तू कितींदा बघितलीस?"

"रोज. दोनदा, तीनदा."

"मग दाखव."

"काय दाखवू?"

"कशी बघत होती ते दाखव."

लडकूनं डोळे पुसले. रांगेतली माणसं बघत होती, त्याला लाज वाटली, पण त्यानं हातातली नसलेली टोपली जपून खाली ठेवली. कमरेत थोडा वाकला. मग मान वर केली. एक भुवई चढली. ओठ दाबले गेले. आणि त्यानं मैनेकडं बघितलं.

"अशीच," ती म्हणाली. "अशीच बघायची. हलू नको." तिनं कोळशानं काळवंडलेल्या दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं आणि "आय गं!" म्हणून असा टाहो फोडला, की समोर गजानं स्टोव्ह बंद केला. चार महिने जंगलात न आलेलं रडं तिला आता आलं. लडकूच्या डोळ्यांतून धार लागली होती, मान अवघडली होती, पण त्यानं भुवई खाली येऊ दिली नाही. तीनच्या खेळाची माणसं बाजूनं आत जात होती आणि दारात मिलिंद मॅनेजर स्वतः उभे राहून तिकिटं फाडत होते.