वहाणेखालचा दोर

मुकादमानं माझा दोर वहाणेखाली दाबला होता. दुसरं टोक माझ्या कमरेला आणि मी धरणाच्या पाण्यात. दारापुढच्या जाळीत अडकलेल्या फांद्या बुडी मारून काढायच्या, हे आम्हा महारवाड्यातल्यांचं काम. दोन हिसके दिले की वर ओढायचं. ओढणारे आमचेच दोघं, पण हिसका ओळखून हुकूम द्यायचा तो मुकादमानं.

"दोर हातात धरा की," मी एकदा म्हणालो.

"तुमच्या अंगाला लागलेला? मी बाटू व्हय?"

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती.

गेल्या पावसाळ्यात दादानं, माझ्या थोरल्या भावानं, हिसके दिले तेव्हा मुकादम तंबाखू मळत होता. वहाणेला काय कळणार! दादा निळा पडून वर आला. कागदावर लिहिलं, पोहता येत नव्हतं. अख्ख्या मुळशीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता.

नव्या यंत्रांसाठी फ्रेंच इंजिनियर आले होते. दोन वर्षं मी त्यांची हत्यारांची पेटी वाहिली, वाहता वाहता भाषा उचलली. 'ज पो' म्हणजे मी करू शकतो. 'ज द्वा' म्हणजे मला करावंच लागतं. आमचं सगळं आयुष्य या दुसऱ्यात गेलेलं.

यंत्रावर कायमचा माणूस घ्यायचा होता. इंजिनियर म्हणाले, आमचे मोठे साहेब येतील, आजवर काय काम केलंस ते आमच्या भाषेत सांग. ती नोकरी मिळाली असती तर माझं पाण्यात उतरणं सुटलं असतं.

मोठे साहेब आले त्या सकाळी मुकादम आडवा आला. हळू बोलला. "काय बोलायचं त्ये बोल. दोराचं काढायचं न्हाई. नोकरी हुकली तर पुन्हा हितंच उतरायचं हाय तुला."

मी साहेबांच्या खोलीत गेलो.

जाळी साफ करू शकतो, मी साहेबांना सांगितलं. दारं चालवू शकतो. बुडी मारावी लागते. खिडकीबाहेर मुकादम टक लावून उभा होता. त्याला एक शब्द कळत नव्हता. गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण दादा डोळ्यांपुढून हलेना.

"माझा भाऊ पोहू शकत होता," मी म्हणालो. "त्याला वर ओढायला हवं होतं." आणि पाय उचलून जमिनीवर दाबून दाखवला.

ते मात्र मुकादमाला कळलं.

नोकरी दुसऱ्याला गेली. तक्रारखोर माणूस नको, असं मुकादमाचं ऐकून कचेरीतला हेडक्लार्क म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं दोर माझ्या अंगावर फेकला. हसत होता. "उतर."

मी टोक उचलून त्याच्यापुढं धरलं. "हातात धरा. न्हाईतर उतरत न्हाई."

जाळीशी फांद्या साचत होत्या. पाणी चढत होतं. चढू दे. त्याचा हात दोराला लागल्याशिवाय मी पाण्यात पाय घालणार नाही.